इंधनाचे दोन आकडे जुळू द्या, मगच विमान सुटू द्या

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री,
भारत सरकार



हे पत्र खान्देशातून लिहितो आहे. मुंबईला जायचे म्हणजे रात्रीची रेल्वे नाहीतर एसटी, ही आमच्या पिढीची सवय. 2012 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा इथून नियमित विमान सुटेल यावर फार थोड्यांचा विश्वास होता. उडान योजनेत डिसेंबर 2017 मध्ये एक छोटे विमान सुरू झाले आणि बंद पडले. दुसरी कंपनी आली, तीही गेली. 2024 पासून मात्र जळगावहून मुंबई, पुणे, गोवा, हैदराबाद अशी एटीआर 72 जातीची विमाने जाऊ-येऊ लागली आहेत. टाटा मेमोरियलला तपासणीसाठी निघालेला रुग्ण, केळीचा व्यापारी, नोकरीवर परतणारी मुलगी, सगळे त्यात बसतात. हे घडावे म्हणून ज्यांनी पाठपुरावा केला, त्या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत.

धुळे जिल्ह्याचे विमानांशी नाते वेगळे आहे. जे. आर. डी. टाटांनी 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला तो बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून. त्या क्लबचे उड्डाण प्रशिक्षण आता धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर चालते. शिरपूरलाही वैमानिक घडवणारी संस्था आहे, आणि जळगावच्या विमानतळावरही प्रशिक्षण केंद्राला जागा दिली गेली आहे. म्हणजे खान्देशातून दोन प्रकारची माणसे आकाशात जातात: तिकीट काढून बसणारी आणि विमान चालवायला शिकणारी. या दोघांच्या वतीने मी आपल्यापुढे एकच विषय ठेवतो आहे. विमान सुटण्यापूर्वी त्याच्या टाकीत खरोखर किती इंधन आहे, हे कोण तपासते, कसे तपासते, आणि हिशेब जुळला नाही तर विमान कोण थांबवते?

12 जून 2025 च्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर 'विमान' आणि 'इंधन' हे दोन शब्द एकत्र आले की माणसाच्या पोटात गोळा येतो. त्या अपघाताच्या प्राथमिक अहवालात इंजिनांचा इंधनपुरवठा तोडणाऱ्या स्विचांचा उल्लेख आहे. तो विषय निराळा आहे आणि त्यावर मी या पत्रात बोलणार नाही. माझा प्रश्न त्याच्या कितीतरी आधीचा, विमान अजून जमिनीवर उभे असतानाचा आहे.

माझे आयुष्य शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात गेले. उत्तरापुढे एकक लिहिले नाही तर अर्धा गुण कापला जातो, हे माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला पाठ होते. विमानाच्या इंधनात या एककाला प्राणाचे मोल आहे. इंधनाची गाडी येते ती लिटरमध्ये मोजून इंधन देते. विमानाला हवा असतो तो किलोचा आकडा, कारण इंजिनाला लागणारी ऊर्जा आणि विमानाने उचलायचे ओझे या दोन्ही गोष्टी वजनावर ठरतात. लिटरचे किलो करायचे तर घनता लागते, आणि घनता तापमानाबरोबर बदलते. विमानांच्या जेट इंधनाचे एक हजार लिटर 15 अंश सेल्सिअसला साधारण 800 किलो भरतात. तेच इंधन 40 अंशांपर्यंत तापले की फुगते आणि एक हजार लिटरचे वजन 780 च्या आसपास येते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर जातो, हे आपल्याला ठाऊक आहेच. आमच्याकडे केळी शेतातून क्विंटलवर जाते आणि शहरात डझनावर विकली जाते. या दोन मापांमधला हिशेब चुकला की शेतकरी बुडतो. विमानात तोच हिशेब चुकला, तर तो दुरुस्त करायला दुसरा बाजार मिळत नाही.

नुसत्या उष्णतेने पडणारा फरक दोन-अडीच टक्क्यांचा. तेवढ्याने विमान पडत नाही, त्यासाठी नियमात राखीव इंधन ठेवलेले असते. पण लिटर, किलो आणि घनता यांची गल्लत झाली तर काय होते, हे जगाने पाहिले आहे.

23 जुलै 1983. एअर कॅनडाचे नवे कोरे बोइंग 767 माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले होते. त्या कंपनीच्या ताफ्यात किलोच्या हिशेबावर चालणारे हेच पहिले विमान, बाकी सगळी विमाने पौंडांवर चालत. या विमानाची इंधन दाखवणारी यंत्रणा त्या दिवशी बंद होती, म्हणून कर्मचाऱ्यांनी पंखांखालच्या मापकाठ्या काढून टाकीतले इंधन मोजले. ते 7,682 लिटर भरले. प्रवासाला हवे होते 22,300 किलो. लिटरचे वजन काढायला त्यांनी 1.77 ने गुणले. हा गुणक पौंडांचा होता. किलोसाठी साधारण 0.80 ने गुणायला हवे होते. गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर, एकक चुकलेले. 20,000 लिटर भरायचे तिथे 4,916 लिटर भरले गेले आणि अर्धेही इंधन नसलेले विमान 41,000 फुटांवर पोचले.

दोन्ही इंजिने बंद पडली. कॅप्टन बॉब पीअर्सन आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी ते प्रचंड विमान ग्लायडरसारखे तरंगवत गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवले. 69 पैकी एकाचाही जीव गेला नाही. जग त्यांच्या कौशल्याचे कौतुक करते, ते रास्तच आहे. माझ्या मनात मात्र दुसरीच गोष्ट घर करून बसली आहे. त्या दिवशी इंधन एकदा मोजून भागवले नव्हते. ओटावाला पुन्हा मापकाठी काढली, पुन्हा हिशेब केला. पण दुसऱ्यांदाही गुणक तोच, 1.77. त्यामुळे उत्तरही तेच आले आणि सगळ्यांची खात्री पटली. एकाच चुकीच्या आकड्याने दोनदा तपासले, म्हणजे पडताळा झाला असे होत नाही. पहिल्या मोजणीशी ज्याचा संबंध नाही अशी दुसरी मोजणी हवी. शिवाय पूर्वी हा हिशेब करणारा फ्लाइट इंजिनिअर नव्या विमानात नव्हता, आणि त्याचे काम नक्की कोणाकडे आले हे कोणालाच नीट सांगितलेले नव्हते.

दुसरी घटना आम्हाला अधिक जवळची, कारण ते विमान एटीआर 72 होते. जळगावच्या धावपट्टीवर उतरतात त्याच कुळातले.

ट्यूनिंटर या ट्युनिशियन कंपनीच्या त्या विमानाच्या इंधन-गेजवरचे आकडे नीट दिसत नव्हते, म्हणून 5 ऑगस्ट 2005 रोजी गेज बदलले. गोदामातून आलेला नवा भाग एटीआर 42 या धाकट्या विमानाचा होता. सुट्या भागांच्या संगणकीय नोंदीत तो 72 लाही चालतो अशी चुकीची माहिती होती. बाहेरून दोन्ही गेज सारखीच, बसायची जागाही तीच. तो भाग बसला आणि आकडा दाखवू लागला. पण या गेजचे काम असे असते की टाकीतल्या विजेच्या सळयांकडून येणाऱ्या संकेतावरून, टाकीचा आकार लक्षात घेऊन ते किलो सांगते. 42 च्या सळया वेगळ्या, टाकी वेगळी. 72 च्या टाकीवर लावल्यावर ते गेज सुमारे दोन हजार किलो जास्त सांगू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानाला हा फरक जाणवला होता. त्याने आदल्या दिवशी सोडले त्यापेक्षा टाकीत इंधन जास्त दिसत होते, आणि इंधन भरल्याची पावती मात्र विमानात नव्हती. त्याने विचारले. पावती मिळेल, असे उत्तर आले. विमान निघाले. इटलीतल्या बारीहून ट्युनिशियातल्या जर्बाकडे जाताना भूमध्य समुद्रावर दोन्ही इंजिने थांबली, तेव्हाही गेजवर पुरेसे इंधन दिसत होते. इंधन आहे असे समजून वैमानिक इंजिने पुन्हा चालू करण्याची खटपट करत राहिले. सिसिलीतल्या पालेर्मोच्या किनाऱ्याअलीकडे विमान पाण्यावर आदळले. 39 पैकी 16 जण गेले.

मोहोळ साहेब, ती पावती म्हणजे एक साधा कागद. त्या कागदावर किती लिटर भरले ते असते. कालचे उरलेले अधिक आजचे भरलेले, ही बेरीज गेजशी ताडून पाहिली असती तर विमान जमिनीवरच थांबले असते. प्रश्न विचारणारा माणूस तिथे हजर होता. 'उत्तर मिळाल्याशिवाय मी विमान हलवणार नाही' एवढे म्हणण्याची सवय त्या व्यवस्थेत नव्हती. या दोन अपघातांतून मी एवढेच शिकलो: इंधनाच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तर दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेले आकडे जुळले पाहिजेत, आणि ते जुळले नाहीत तर थांबण्याचा अधिकार असलेला माणूस खरोखर थांबला पाहिजे.

आपल्या देशात टाकीतले इंधन मोजण्यात झालेल्या चुकीपेक्षा, असलेले इंधन का आणि कसे संपते आहे हे वेळेवर न उमगल्याचे प्रसंग जास्त ठाऊक आहेत. 15 नोव्हेंबर 1993 रोजी इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-300 मद्रासहून हैदराबादला गेले. दृश्यमानता कमी असल्याने उतरता आले नाही. पंखांचे फ्लॅप आत जाईनात. तसेच मद्रासकडे परत निघाल्यावर इंधनाचा खप कितीतरी वाढला आणि ते पुरले नाही. तिरुपतीजवळ शेतात विमान उतरवावे लागले. अडीचशेहून अधिक माणसे त्यातून वाचली.

महाराष्ट्राच्या आकाशातलाही एक प्रसंग आहे. 22 जुलै 2017 रोजी कोलकात्याहून मुंबईला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाची चाके उड्डाणानंतर आत घ्यायचीच राहिली. खाली लोंबणाऱ्या चाकांमुळे विमान वेग घेईना, उंची घेईना, इंधन भराभर संपत चालले. शेवटी ते नागपूरला उतरवावे लागले. त्या दिवशी गेज खरेच बोलत होते. खप अपेक्षेपेक्षा जास्त का होतो आहे, याचा मागोवा मात्र वेळेवर घेतला गेला नाही. वाटेत ठरावीक ठिकाणी उरलेले इंधन नोंदवून ते नियोजनाशी ताडायचे असते ते याचसाठी. ही नोंद कागद भरायचा म्हणून भरली गेली, तर तिचा उपयोग शून्य.

जुलै 2019 मध्ये मुंबईहून दिल्लीला गेलेले विस्ताराचे विमान खराब हवेमुळे लखनौकडे वळवले गेले. तिथेही अचानक दृश्यमानता घसरली, म्हणून ते आणखी पुढे निघाले, मग लखनौची हवा सुधारली म्हणून परत फिरले. उतरले तेव्हा टाकीत काही मिनिटांपुरतेच इंधन होते. त्या विमानात मुंबईहून बसलेली दीडशे माणसे होती. जून 2025 मध्ये गुवाहाटीहून चेन्नईला निघालेल्या इंडिगोच्या वैमानिकाने इंधन कमी आहे असे पाहून 'मेडे' हा संकटसंदेश पुकारला आणि विमान बेंगळुरूला सुखरूप उतरवले. माझ्या दृष्टीने त्या वैमानिकाने योग्य तेच केले. इंधन कमी असल्याचे स्पष्ट शब्दांत न सांगितल्याने काय होते ते 25 जानेवारी 1990 रोजी न्यूयॉर्कजवळ दिसले. आव्हियांका कंपनीचे बोइंग 707 आकाशात तासाहून अधिक काळ घिरट्या घालत राहिले. वैमानिकांनी इंधन संपत आल्याचे सांगितले, पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नाही. 73 माणसे गेली.

आता नियम स्पष्ट आहेत. जेट आणि टर्बोप्रॉप विमानाने उतरताना किमान 30 मिनिटे घिरट्या घालता येतील एवढे अंतिम राखीव इंधन शिल्लक ठेवायचे, पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानाने 45 मिनिटांचे. ते कमी पडण्याची शक्यता दिसली की 'मिनिमम फ्युएल' सांगायचे, आणि कमी पडणारच असे कळले की 'मेडे फ्युएल' पुकारायचे. नियम चांगले आहेत. मी त्यांच्या अंमलाविषयी आणि त्यासाठी लागणाऱ्या वातावरणाविषयी बोलतो आहे.

मोठ्या विमानतळावर इंधन कंपनीची माणसे, विमान कंपनीचे इंजिनिअर, डिस्पॅचर, सगळे हाताशी असतात. छोट्या विमानतळावर तीच माणसे थोडी, त्यांच्याकडे कामे अनेक, आणि विमान थांबते जेमतेम अर्धा तास. जिथे इंधन भरण्याची सोय नाही किंवा भरणे परवडत नाही, तिथे येतानाच परतीचे इंधन घेऊन यावे लागते. उडान योजनेत राज्यांनी विमान इंधनावरचा व्हॅट 1 टक्क्यावर आणण्याचे मान्य केले. त्यामुळे कुठे भरायचे आणि किती भरायचे हा व्यापारी हिशेबही झाला आहे. त्यात भर उन्हाळ्याची. तापलेल्या पातळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो, आणि आखूड धावपट्टीवरून उडायचे तर विमानाचे एकूण वजन कमी ठेवावे लागते. अशा दुपारी शंभर किलो जादा इंधन घेणे म्हणजे एखाद-दुसरा प्रवासी किंवा त्याचे सामान मागे ठेवणे. कुठल्याही कंपनीवर माझा आरोप नाही. पण जिथे एक एक किलोसाठी ओढाताण असते, तिथे इंधनाचा आकडा ठरवणाऱ्या माणसाच्या पाठीशी नियामकाने उघडपणे उभे राहिले पाहिजे, एवढे माझे म्हणणे आहे.

प्रशिक्षणाच्या विमानांविषयी थोडे अधिक बोलू द्या, कारण चांगली सवय लागते ती तिथेच. माझा एक जुना विद्यार्थी वैमानिक व्हायचे शिकतो आहे. उड्डाणाआधी काय करतोस, असे मी त्याला विचारले, तेव्हा त्याने हाताने करून दाखवले. पंखाच्या आधारदांड्यावर पाय देऊन वर चढायचे, टाकीचे झाकण फिरवून काढायचे, मापपट्टी सरळ आत बुडवायची, बाहेर काढून ओल कुठल्या रेघेपर्यंत आली ते वाचायचे. उन्हात ती ओल झपाट्याने उडते, म्हणून नजर पट्टीवरच ठेवायची. मग खाली उतरून पंखाखालच्या छोट्या झडपेतून थोडे इंधन पारदर्शक कपात घ्यायचे आणि उजेडात धरायचे. पिस्टन विमानाचे हे इंधन फिकट निळे दिसते. तळाशी पाण्याचा थेंब बसलेला नाही ना ते पाहायचे. एवढे झाल्यावर कॉकपिटमधले गेज वाचायचे आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली ती मला फार मोलाची वाटली. प्रत्येक जातीच्या विमानाची मापपट्टी वेगळी असते. सेसना 152 ची पट्टी 172 च्या टाकीत बुडवली तर ओल दिसेल, रेघही दिसेल, आणि आकडा साफ खोटा असेल. पालेर्मोजवळच्या समुद्रात जे घडले त्याचे मूळ या एका पट्टीत सापडते. ज्या मुलाने 20 व्या वर्षी 'ही पट्टी याच विमानाची आहे ना' असे विचारायची सवय लावून घेतली, तो 40 व्या वर्षी कप्तान म्हणून 'इंधनाची पावती दाखवा' असे ठणकावून सांगेल. ज्याला वेळापत्रकाच्या घाईत 'गेज बघ आणि चल' असे शिकवले गेले, तो पुढे तेच करेल.

विमान पडते तेव्हा धावून कोण जाते, हेही खान्देशाने पाहिले आहे. 16 जुलै 2021 रोजी शिरपूरच्या संस्थेचे प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डीच्या परिसरात सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळले. प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला. प्रशिक्षणार्थी तरुणी गंभीर जखमी झाली. इंधनाच्या घटनांमध्ये तो अपघात मी धरत नाही. पण त्या दिवशी रस्ता नसलेल्या जागी सर्वात आधी पोचले ते आदिवासी बांधव. एका माउलीने अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी झाली आणि त्या झोळीतून जखमी मुलीला खाली आणले गेले. वर उडणाऱ्या विमानाची जबाबदारी खालची माणसे अशी उचलतात. त्या माणसांना, विमान सोडण्यापूर्वी सगळे नीट तपासले जाते याची खात्री मागण्याचा पूर्ण हक्क आहे.

म्हणून आपल्याकडे आणि आपल्या मार्फत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे माझ्या पाच मागण्या आहेत.

पहिली. प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर पावतीवर लिटर, त्या वेळची घनता आणि किलो हे तिन्ही आकडे असावेत. आधी उरलेले अधिक आता भरलेले, ही बेरीज गेजशी ताडून दोन माणसांनी स्वतंत्रपणे सह्या कराव्यात. किती किलोपर्यंतचा फरक चालेल ते विमानाच्या जातीनुसार ठरलेले असावे. त्याहून जास्त फरक असेल तर कारण सापडेपर्यंत विमान हलू नये. बऱ्याच कंपन्यांच्या नियमपुस्तकांत अशी पद्धत असते. ती जळगावसारख्या विमानतळांवर रोज पाळली जाते का, हे अचानक तपासण्या करून पाहावे.

दुसरी. इंधनाचे गेज किंवा त्याचा कोणताही भाग बदलला की पहिल्या उड्डाणाआधी मापकाठीने किंवा अन्य स्वतंत्र मार्गाने इंधन मोजणे सक्तीचे असावे. नव्या भागाचा क्रमांक दुसऱ्या इंजिनिअरने मूळ कागदपत्रांतून वाचून पाहावा, केवळ संगणकाच्या पडद्यावर विसंबू नये. एटीआर 42 आणि 72 अशा दोन्ही जातींची विमाने बाळगणाऱ्या कंपनीत यावर विशेष लक्ष असावे.

तिसरी. एखादे गेज नादुरुस्त असतानाही ठरावीक अटींवर विमान उडवण्याची मुभा नियमात असते. अशा दिवशी कप्तानाने नकार दिला तर त्याच्यावर कोणतीही कारवाई होणार नाही, हे महासंचालनालयाने लेखी जाहीर करावे. जादा इंधन मागणाऱ्या कप्तानाकडे कंपनीने महिन्याच्या शेवटी स्पष्टीकरण मागू नये. इंधन वाचवण्याचे कौतुक जरूर व्हावे, पण त्याची वैमानिकांमध्ये स्पर्धा लावू नये.

चौथी. देशात वर्षभरात किती वेळा 'मिनिमम फ्युएल' आणि किती वेळा 'मेडे फ्युएल' पुकारले गेले, कुठल्या विमानतळांवर, कुठल्या कारणांनी, याची माहिती दरवर्षी जाहीर करावी. वैमानिकांची नावे नकोत. आकडे हवेत आणि त्यावरून काय सुधारले ते हवे. वैमानिकाने खरे बोलल्यावर त्याला आधी घरी बसवायचे आणि मग चौकशी करायची, या पद्धतीने पुढचा वैमानिक तोच शब्द उच्चारायला दोन मिनिटे उशीर करेल. इंधन संपत आलेले असताना दोन मिनिटे फार मोठी असतात.

पाचवी. धुळे, शिरपूर, जळगाव आणि देशातल्या सर्व प्रशिक्षण केंद्रांत मापपट्टीने इंधन मोजणे प्रत्येक उड्डाणाआधी बंधनकारक असावे. पट्टीवर विमानाची जात ठळक लिहिलेली असावी. शंका आली म्हणून उड्डाण रद्द करणाऱ्या विद्यार्थ्याच्या खात्यावर त्या तासाचे पैसे टाकले जाऊ नयेत. वैमानिक होण्यासाठी कर्ज काढणाऱ्या घरांना एकेका तासाचा खर्च कसा बोचतो, हे इथल्या पालकांना विचारा. ते पैसे वाचवण्यासाठी कुणाच्या मुलाने शंका गिळता कामा नये. आणि अपघात तपास संस्थेच्या अहवालांचा सारांश मराठीत यावा, म्हणजे ज्या गावच्या शिवारात विमान पडले त्या गावालाही कारण वाचता येईल.

यातली एकही मागणी खर्चिक नाही. नवी यंत्रे नकोत, नवी इमारत नको. एक पावती, एक मापकाठी, दोन सह्या आणि त्या सह्या करायला लागणारी दहा मिनिटे एवढेच हवे.

या दहा मिनिटांपुरती आम्हा प्रवाशांचीही जबाबदारी आहे. जळगावच्या विमानतळावर विमानाला उशीर झाला की काउंटरवरच्या मुलामुलींवर आवाज चढतो, फोनवर व्हिडिओ निघतात, ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लागतो. हा ताण शेवटी कॉकपिटपर्यंत पोचतो. म्हणून या पत्रातून मी माझ्या खान्देशी बांधवांनाही सांगतो: इंधनाच्या तपासणीसाठी विमान थांबले आहे असे कळले तर शांत बसा, आणि तपासणाऱ्याचे आभार माना. विमान कंपन्यांनीही उशिराचे खरे कारण आम्हाला सांगावे. 'तांत्रिक कारण' या दोन शब्दांपेक्षा 'इंधनाचा हिशेब पुन्हा ताडून पाहतो आहोत' हे वाक्य ऐकायला आम्हाला जास्त आवडेल.

आपण महाराष्ट्राचे आहात, या खात्याचे राज्यमंत्री आहात, म्हणून हे पत्र मराठीत आणि सर्वांसमक्ष आपल्याला लिहितो आहे. पुढचा उन्हाळा येण्यापूर्वी यापैकी निदान पहिल्या आणि चौथ्या मागणीवर लेखी निर्णय व्हावा, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे. तो झाला तर त्याची एक प्रत जळगाव विमानतळाच्या प्रवासी दालनात आणि एक गोंदूरच्या धावपट्टीवरच्या वर्गात लावावी. तिथे रोज जाणाऱ्यांना तिचा उपयोग होईल.



आपला विश्वासू,
खान्देशातील एक निवृत्त शिक्षक
धुळे